ओल झाकली की वाढते

दसरा पंधरा दिवसांवर आला की जुन्या जालन्यात रंगाऱ्यांना उसंत नसते. भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडायचे, खड्ड्यांत पुट्टी भरायची, वरून ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे आणि घट बसायच्या आत घर मोकळं करायचं, असा सगळा घाईचा मामला असतो. दिवाळीत भिंती लख्ख दिसतात. होळीच्या सुमारास मात्र नेमक्या त्याच जागी रंगाला फुगे येतात, बोट लावलं की पापुद्रा निघतो आणि आतून पांढरी भुकटी सांडते. मग कुणी रंगाला नावं ठेवतं, कुणी रंगाऱ्याला, कुणी जुन्या घराला. माझ्या मते दोष यांच्यापैकी कुणाचाच नाही. पावसाळा नुकताच संपलेला असताना भिंत वर्षातली सर्वांत ओली असते आणि आपण नेमक्या त्याच वेळी तिच्यावर सर्वांत घट्ट लेप चढवतो. आतलं पाणी आतच कोंडतं आणि बाहेर पडायला वाट शोधत राहतं. ओलीची दुरुस्ती म्हणजे ओल झाकणं, हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज आहे. तोच भिंतींचं सर्वांत जास्त नुकसान करतो आहे.

जालन्यासारख्या कोरड्या मुलखात ओलीचा एवढा प्रश्न का असावा, असं कुणालाही वाटेल. जिल्ह्यात वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. कोकणात याच्या चौपटीहून अधिक पडतो. पण भिंतीतलं पाणी फक्त आभाळातून येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याचं नाव देशभर गाजलं. त्याआधीही आणि नंतरही इथलं नळाचं पाणी रोज येणारं नव्हतं. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात घर म्हणजे साठवणीची जागा होते. ओट्याखाली हौद, न्हाणीत ड्रम, जिन्याखाली टाकी, गच्चीवर आणखी एक टाकी. यातला एखादा हौद केसाएवढ्या चिरेतून झिरपत असला तरी वर्षभर शेजारच्या भिंतीला पाणी पाजत राहतो. त्यात बोअरचं पाणी क्षारांचं. ते मोरीत सांडतं, फरशीच्या सांध्यांतून खाली उतरतं आणि जोत्यात मुरतं. पाण्याच्या टंचाईनं आणलेली ही ओल आहे. म्हणूनच ती पावसाळ्यापुरती न राहता बारा महिन्यांची झाली आहे.

आता ही भिंत कशाची आहे ते पाहू, कारण दुरुस्तीचा सगळा निर्णय त्यावर ठरतो. जुन्या वस्तीतल्या घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. बाहेरून एक पाख, आतून एक पाख आणि मधल्या पोकळीत खडीगोटे नि माती. दगड जोडायला माती किंवा चुना, वर मातीचा नाही तर चुन्याचा गिलावा. छत माळवदाचं: लाकडी तुळया, त्यांवर कड्या, फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. बेसॉल्टचा दगड स्वतः फारसं पाणी पीत नाही. पाणी चढतं ते सांध्यांतल्या मातीतून नि चुन्यातून. कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तसं जोत्यातलं पाणी बारीक छिद्रांतून वर येतं आणि साधारण कंबरेच्या उंचीपर्यंत पोचतं. त्याहून वर ते सहसा जात नाही, कारण तेवढ्या अंतरात भिंतीच्या दोन्ही अंगांनी त्याची वाफ होऊन गेलेली असते. पाणी उडून जातं, त्याच्याबरोबर आलेले क्षार मात्र मागे राहतात. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. त्यांचा चुन्याचा गिलावा दगडापेक्षा मऊ नि सच्छिद्र असायचा. पाणी त्यातून निघून जायचं, क्षार त्यात साठायचे, काही वर्षांनी तो गिलावा झडायचा आणि नवा लावला जायचा. गिलावा झिजायचा, भिंत वाचायची.

सिमेंटनं हा क्रम उलटा केला. सिमेंटचा गिलावा चुन्यापेक्षा कडक आणि वाफेला बराच बंद असतो. कंबरेपर्यंतच्या ओलीवर तेवढ्याच उंचीची सिमेंटची पट्टी मारली की पहिली दोन वर्षं भिंत छान कोरडी दिसते. पण पाण्याची वाफ व्हायची जागाच गेल्यामुळे ते आणखी वर चढतं आणि पट्टीच्या वर, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीला नवी ओल उमटते. मग पट्टी वाढवायची, ओल आणखी वर. जुन्या वाड्यांत अशा एकावर एक चढवलेल्या पट्ट्या आपण सगळेच पाहतो, पण त्यांचा अर्थ लावत नाही. आतल्या बाजूला याहून वाईट घडत असतं. सिमेंटच्या पाठीमागे क्षारांचे स्फटिक तयार होतात, ते फुगताना मागचा मऊ चुना नि माती फोडतात. सिमेंटचा थर मात्र कडक असल्यामुळे एकसंध राहतो. वरून भिंत धडधाकट, आत सांध्यांतली माती भुसभुशीत. अशी भिंत ठोकून पाहिली की भद्द आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे गिलाव्याने भिंत सोडली, असं समजावं.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी ओल वाचायला शिकलं पाहिजे, आणि त्याला वेळ द्यायला हवा. जमिनीपासून वर चढलेली, वरच्या कडेला पांढरी वेडीवाकडी रेघ असलेली ओल जोत्यातून येते. छताच्या कडेपासून खाली उतरणारी, तपकिरी कडांची, पाऊस पडला की गडद होणारी ओल माळवदाची, गच्चीची किंवा पन्हाळीची. भिंतीच्या मध्येच एखाद्या ठिकाणी बाराही महिने तेवढ्याच जागी असलेला डाग बहुतेक नळाचा किंवा पलीकडच्या न्हाणीचा. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढावी, शेजारी तारीख लिहावी. पाऊस झाल्यावर डाग रेघेबाहेर गेला तर एक उत्तर मिळालं. हौदात पाणी भरलं त्या दिवशी गेला तर दुसरं. हौदाची शंका असेल तर रात्री पाणी न वापरता आतल्या भिंतीवर पातळीची खूण करून सकाळी पाहावी. न्हाणीच्या फरशीखालून पाझर आहे का, हे कळायला त्या जाळीत खायच्या रंगाचं पाणी ओतून एक-दोन दिवस पलीकडच्या भिंतीवर रंग उमटतो का पाहावं. आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे ओल्या जागेवर फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि दोन दिवसांनी बघायचं. थेंब भिंतीकडच्या बाजूने असतील तर पाणी भिंतीतून येतं आहे. खोलीकडच्या बाजूने असतील तर खोलीतल्याच दमट हवेचं पाणी गार भिंतीवर जमतं आहे, आणि अशा वेळी खिडकी उघडी ठेवणं हीच अर्धी दुरुस्ती. या सगळ्याला खर्च जवळजवळ शून्य. एक सावधगिरी मात्र हवी. ओल्या भिंतीत विजेचं बोर्ड असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच हात लावावा.

उगम सापडला की प्रथम त्याचा बंदोबस्त करायचा. हौद रिकामा करून चिरा भरणं, पन्हाळ भिंतीपासून दूर काढणं, मोरीचा उतार नीट करणं, गटाराची फुटकी बाजू बांधणं. ही कामं दिसायला क्षुल्लक आहेत आणि घर रंगवण्याइतकी देखणी नाहीत, म्हणून मागे पडतात. पण ती झाल्याशिवाय पुढचं काहीही टिकत नाही. त्यानंतर सिमेंटचा सुटलेला गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभर जाईपर्यंत छिन्नीने हलक्या हाताने काढून टाकायचा, सांध्यांतली भुसभुशीत माती कोरायची, क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून घराबाहेर टाकायचे. क्षार पाण्याने धुवायचे नाहीत. धुतले की ते विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. बुरशी असेल तर उलटं करायचं. नाकातोंडावर चांगला मास्क बांधून ती आधी ओलसर करून पुसायची, म्हणजे तिची धूळ हवेत उडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल नि बुरशीवर जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत दमट घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी असलेला संबंध स्पष्ट मांडला आहे. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर त्या खोलीत काम चालू असताना त्यांना झोपवू नये.

यानंतर येतं सर्वांत अवघड काम, ते म्हणजे थांबणं. भिजलेली चिनाई वाळायला इंचाला एक महिना, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी उघडी असेल तर त्या हिशेबाने वर्ष लागेल. जालन्याचा कोरडा उन्हाळा हा काळ बराच कमी करतो, पण आठवड्यावर आणत नाही. म्हणून कामाचं वेळापत्रक सणांप्रमाणे न आखता पाण्याप्रमाणे आखावं. पावसाळ्यात निदान, पाऊस उघडल्यावर गिलावा उतरवणं, पुढचा उन्हाळाभर भिंत उघडी. नवा गिलावा मात्र भर उन्हात करू नये. चुना झरझर वाळला तर तडकतो. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतचा गारवा त्याला मानवतो. घर वर्षभर उघड्या दगडांचं दिसेल, पाहुणे विचारतील, हे खरं. पण दर दिवाळीला तीच भिंत रंगवण्यापेक्षा एक दिवाळी तशीच जाऊ देणं मला शहाणपणाचं वाटतं.

गिलावा कशाचा, याचं उत्तर भिंतीनेच दिलेलं आहे. ती ज्या मालाची, दुरुस्ती त्याच मालाची, किंवा त्याहून मऊ. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू, शक्य असेल तर थोडी विटांची सुरखी. पातळ थरांत काम, दोन थरांमध्ये काही दिवस आणि प्रत्येक थराला पाणी मारत राहणं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणून त्याची घाई करता येत नाही. वर रंग चुन्याचाच, ऑइलपेंट नको. हे मागासलेलं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठवाड्यातच नजर टाकावी. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा सतराव्या शतकातला. त्याचा बराच भाग संगमरवराचा दिसला तरी तो चुन्याचा गिलावा आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असं दाखवणारा अभ्यास २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माती नि चुना हाताळण्याचं ज्ञान या भूमीत दीड हजार वर्षांचं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कारागिरांचा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आता मिळतो कुठे? मिळणं कठीण आहे, हे मान्य. चुना मळायची घाणी बंद पडली, भिजवलेल्या चुन्याचे खड्डे बुजले. पण या कामाचा मोठा भाग, म्हणजे निदान, पाण्याचा बंदोबस्त, सिमेंट उतरवणं आणि वाट पाहणं, याला चुन्याचा उस्ताद लागत नाही. आणि सध्या जमत नसेल तर मातीचा गिलावा करावा. पांढरी माती नि भुसा कालवून भिंत लिंपता येणारी माणसं आसपासच्या खेड्यांत अजून आहेत. तेही नसेल तर सिमेंट काढलेली भिंत उघडी ठेवली तरी ती सिमेंट लावलेल्या भिंतीपेक्षा बऱ्या अवस्थेत राहील. दुसरा आक्षेप रसायनांचा. दुकानात आज ओल रोखणारी द्रव्यं मिळतात, भिंतीला भोकं पाडून ती आत सोडण्याची पद्धतही आहे. सलग विटांच्या, एकसारख्या सांध्यांच्या भिंतीत ती उपयोगी पडू शकते. पण दोन पाखांच्या दगडी भिंतीत मधल्या पोकळीतून ते द्रव्य कुठे वाहून जाईल याचा भरवसा नाही. सलग अडसर तयार झाला नाही तर पैसे मातीत. वरून लावायची जलरोधक पुट्टी आणि प्लॅस्टिकची पॅनेलं तर सरळसरळ झाकणंच आहेत. पॅनेलच्या मागे ओल वाढते, बुरशी वाढते आणि आपल्याला ती दिसत नाही एवढाच फरक.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला झटकून टाकणं बेजबाबदारपणाचं ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. मग असल्या भिंती दुरुस्त कशाला करायच्या, पाडून आरसीसीचं घर बांधावं, असं म्हणणाऱ्याचं भय खोटं नाही. पण ती घरं का पडली, हे नीट पाहिलं तर माझा मुद्दा तिथेही उभा राहतो. भिंतीच्या दोन पाखांना एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते, सांधे मातीचे होते आणि वर माळवदाचं प्रचंड ओझं होतं. ते ओझं वाढलं कसं? गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं जुन्या थरावर नवी माती टाकली गेली. पाणी कुठून शिरतं हे न शोधता वरून थर चढवत जाण्याची सवय, म्हणजे आपण भिंतीला सिमेंटच्या पट्ट्या मारतो तीच. ओल सांध्यांतली माती मऊ करते, दोन पाखं एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला पोट येतं. पोट आलेल्या भिंतीला गिलाव्याची दुरुस्ती चालत नाही. तिला टेकू देऊन बांधकाम अभियंत्याला बोलवायला हवं, आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांधक घालावे लागतात आणि गरज पडली तर ती भिंत उतरवावी लागते. जी भिंत ओळंब्यात आहे, तिला कोरडी ठेवणं ही तिच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे. आरसीसीचं घर बांधून ओलीपासून सुटका होते, असंही नाही. जालन्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या सळ्या राज्यभर जातात. त्यांनाही पाणी लागलं की गंज चढतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि स्लॅबचं काँक्रीट खालून फुटून पडतं. तिथेही वरून रंग देऊन भागत नाही.

नव्या फ्लॅटांत आणि दुकानांत आता जिप्समचं छत, जिप्सम बोर्डाचे आडोसे आणि पीओपीची नक्षी आली आहे. अमेरिकेत तर घरांच्या आतल्या भिंतीच मुख्यतः या बोर्डांच्या असतात, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ओलीचा प्रश्न याच रूपात भेटतो. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं आणि भिजलं की मऊ पडतं, त्यावरचा कागद बुरशीला खाद्य होतो. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये असंख्य घरांच्या भिंती आतल्या लाकडी सांगाड्यापर्यंत उघड्या कराव्या लागल्या. घरी असं झालं तर नियम सोपा आहे. नुसता डाग असून बोर्ड टणक असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा, डाग रोखणारा प्रायमर द्यावा आणि मग रंग. बोटाने दाबल्यावर दबला, फुगला किंवा छत लोंबलं असेल तर तेवढा भाग चौकोनी कापून काढावा, आतला सांगाडा नि वायरी कोरड्या झाल्याची खात्री करावी आणि ओलसर जागेसाठी मिळणारा बोर्ड बसवून सांध्यांवर पट्टी नि लुकण भरावं. छतात पाणी साचून पोट आलं असेल तर वीज बंद करून, खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून छोटं भोक पाडावं, नाही तर सगळं छत अंगावर येतं. पीओपीच्या खड्ड्यात सिमेंट भरण्याचा मोह मात्र आवरावा. ओल असेल तिथे जिप्सम आणि सिमेंट एकमेकांशी रासायनिक क्रिया करून फुगतात आणि सांधा फोडतात. बोर्ड असो की काळा दगड, पाणी आधी थांबवावं, आतलं बाहेर जाऊ द्यावं आणि मगच भरावं.

एक पाणी मात्र घरमालकाच्या हातात नाही. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांवर पूर्वीच्या रस्त्यावरच नवा काँक्रीटचा थर घातला जातो, दर वेळी काही इंचांनी. ज्या घरांत एकेकाळी दोन पायऱ्या चढून जायचं त्यांचे उंबरे आता रस्त्याच्या पातळीला आले आहेत, काही त्याच्याही खाली गेले आहेत. पावसाचं पाणी जोत्याकडे वळतं. काँक्रीट थेट भिंतीला भिडवलेलं असल्याने जमिनीतली वाफ वर निघायची फटही उरत नाही आणि ते सगळं पाणी भिंतीतून चढतं. घरात कितीही चुना लावला तरी ही ओल थांबणार नाही. रस्ता नव्याने करताना जुना थर आधी खरवडून काढणं, पातळी जोत्याच्या खाली ठेवणं, भिंतीलगत फूटभर पट्टी खडी भरून मोकळी सोडणं आणि गटाराचा उतार भिंतीपासून दूर देणं, हे चार मुद्दे महापालिकेच्या निविदेतच लिहिलेले असायला हवेत. ते आहेत की नाहीत, हे प्रभागातल्या रहिवाशांनी काम मंजूर होण्याच्या आधी विचारावं. काँक्रीट ओतून झाल्यावर विचारून काही उपयोग होत नाही.